सांधा

गप्पूला गप्पू म्हणायचे ते तो गप्पा मारायचा म्हणून नव्हे, गप्प बसायचा म्हणून. नाव आईने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की चष्म्याच्या दुकानाचे मालकही त्याला त्याच नावाने हाक मारत. गिऱ्हाइकासमोर मात्र 'आमचे कारागीर' म्हणत. गप्पू मागच्या खोलीत बसून काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, आणि बोलायची वेळ आलीच तर मान हलवून भागवायचा.

आई गेल्यावर होतं नव्हतं ते बोलणंही आटलं. एकच शब्द उरला, "बरं." डॉक्टर म्हणाले, त्या गेल्या. बरं. शेजारच्या काकू म्हणाल्या, रड बाबा एकदाचा, मोकळा हो. बरं. पण रडू काही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ कसा आपला असून आपला नसतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. जेवत होता, झोपत होता, काचांचे नंबर चुकत नव्हता. मालक म्हणाले, "सावरला हं पोरगा." न रडणारा माणूस लोकांना सावरलेला वाटतो. त्यांचीही चूक नाही म्हणा, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

घरात आता दोघंच, गप्पू आणि त्याचे वडील. वडिलांना दोन्ही मुलं आप्पा म्हणत. आप्पांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली होती. अलीकडे ते विसरायला लागले होते. कालचं विसरत, सकाळचं विसरत, आणि आई गेली हे तर रोज नव्याने विसरत. हात मात्र काहीही विसरले नव्हते, आणि सगळा घोळ तिथेच होता.

दुपारी जेवण झालं की आप्पा टीव्हीसमोर बसत आणि डीव्हीडी प्लेअरचं बटण दाबत. बटण सापडावं म्हणून गप्पूच्या लग्न झालेल्या ताईने त्यावर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. मग पडद्यावर आई दिसे. ताईच्या नवऱ्याने कधीकाळी नवा कॅमेरा घेतला होता. तो त्याने याच खोलीत स्टँडवर उभा केला आणि बंद करायला विसरला. त्या विसरण्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे, कारण एरवीच्या शूटिंगमध्ये आई नेहमी कोणाच्या तरी खांद्यामागे असे. इथे ती सबंध दुपारभर खुर्चीत बसून आप्पांच्या शर्टांना बटणं लावते आहे, आप्पा समोर एक कुलूप उघडून बसलेत, आणि दोघांची शेजाऱ्यांपासून सुईच्या नेढ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवरून जुंपली आहे. एका डिस्कवर मावेना, म्हणून भाऊजींनी ते दोन डिस्कवर भरून दिलं होतं.

पहिली डिस्क संपते तिथे आई सुई कापडात खोचते, उठते, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन चौकटीला हात लावते, मागे वळून म्हणते, "येते हं." आणि पडदा निळा होतो.

इथे आईची एक खोड सांगायला हवी. जाताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे सगळ्याच घरांत शिकवतात. पण आईचं तेवढ्यावर भागत नसे. घरातल्या कोणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय ती दारातून हलत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असो की दुसऱ्या खोलीत, चौकटीला हात लावून उभीच. आप्पा कुलपात डोकं घालून बसलेले असत आणि वैतागून म्हणत, "ये बाई ये, दुकान बंद होईल तुझं." मग ती हसत निघे.

दुसऱ्या डिस्कच्या सुरुवातीला ती हातात फडकं घेऊन परत येते. पण ती डिस्क आपली डबीतच राही. गप्पू दुकानात असे, आणि डिस्क बदलायची ही गोष्ट आप्पांच्या हातांनी कधी शिकलेलीच नव्हती. निळ्या पडद्यासमोर ते थोडा वेळ बसत. मग उठत, स्वयंपाकघरात बघत. तिथे ती नाही म्हटल्यावर बाहेर शोधायला जात. गप्पूने दाराला लॅच बसवलं, ते त्यांनी चमच्याच्या दांड्याने काढलं. मग त्याने जाडजूड कुलूप आणलं, तर त्यांनी ते नुसतं उघडलं नाही, तेलही घातलं. आप्पांना कुलपाने अडवायचं म्हणजे माशाला पाण्यात बुडवायची भीती घालण्यातला प्रकार. एकदा ते कोपऱ्यावर सापडले, एकदा बसथांब्यावर. आणि परवा सापडले ते भर चौकात, दोन्हीकडून गाड्या चाललेल्या असताना, वाहतुकीच्या पोलिसाला विचारत होते, "आमची ही इकडून गेली का हो?"

ताईचा फोन आला. "गप्पू, हे असं चालायचं नाही. उद्या गाडीखाली आले म्हणजे? मी एका वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. फाटक आहे, फाटकावर माणूस आहे. रविवारी मी येते, आपण त्यांना घेऊन जाऊ."

"बरं," गप्पू म्हणाला.

फोन ठेवल्यावर आपण कशाला बरं म्हटलं ते त्याच्या ध्यानात आलं. आप्पा त्या फाटकाच्या आत गेले की तिथलं कुलूपही ते उघडणार, आणि मग त्यांना आणखी आतल्या खोलीत ठेवणार, हेही त्याला दिसलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण त्याने दोन्ही डिस्का खिशात घातल्या, आणि हे दोन्ही एका डिस्कवर आलं तर आप्पा उठणार नाहीत, एवढी एकच गोष्ट डोक्यात धरून कामाला लागला.

नवीन यंत्र आणून भागलं नसतं. पेन ड्राइव्ह लावायची एक डबी त्याने मागे आणली होती. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर आप्पांनी ती उघडून टेबलावर मांडलेली, स्क्रू लहानमोठे वेगवेगळे लावून. म्हणजे जुना प्लेअर आणि लाल ठिपका, यांच्यातच काय ते जमवायचं.

आधी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही भाग दाबून दाबून एका साध्या डिस्कवर बसवले. बसले. पण तेवढ्या जागेत चित्राचा बारकावा मावेना, आणि आई जरा हलली की तिच्या चेहऱ्याच्या चौकटी चौकटी होत. आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

गप्पूने ती डिस्क काढली आणि मोडून टाकली.

मग त्याने एका मोठ्या दुकानातून दुप्पट जागेच्या, दोन थरांच्या डिस्का आणल्या. घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्क लिहायच्या ड्राइव्हने त्या तोंडातसुद्धा घेतल्या नाहीत. तेव्हा सगळं पिशवीत भरून तो गल्लीच्या टोकाच्या कॉम्प्युटरवाल्या बाईंकडे गेला. बाई पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, आणि गुडघ्यापर्यंत वायरींत बसलेल्या. त्यांचा चष्मा डावीकडे कलला होता, हे गप्पूने आधी पाहिलं.

"ड्राइव्ह घेत नाही," तो म्हणाला.

"कशी घेईल? ती एका थराचीच आहे. दुसरा थर म्हणून काही असतं हे त्या बिचारीला ठाऊकच नाही." बाईंनी डिस्कांचं पाकीट उलटसुलट केलं. "आणि ह्या कोणी मारल्या तुमच्या गळ्यात? डिस्का दोन जातींच्या असतात, प्लस आणि मायनस. ह्या मायनस आहेत."

"आमच्या प्लेअरला मायनसच चालतात. घरातल्या सगळ्या मायनस आहेत."

"एक थर असेल तोवर बरोबर आहे तुमचं. जुन्या प्लेअरची मायनसशीच मैत्री. पण दोन थर आले की गणित उलटं होतं. असं बघा, प्रत्येक डिस्कच्या कपाळावर ती कोण ते लिहिलेलं असतं. प्लेअर आधी कपाळ वाचतो, मग आत घेतो. दोन थरांची घरी लिहिलेली डिस्क दिसली की तुमचा म्हातारा प्लेअर म्हणणार, ही कोण, मी ओळखत नाही हिला. मायनसचं कपाळ बदलता येत नाही. प्लसचं येतं. तिच्या कपाळावर आपण लिहायचं, मी कारखान्यात छापलेली सिनेमाची डिस्क आहे म्हणून. मग तो निमूटपणे घेतो."

"म्हणजे खोटं लिहायचं."

"म्हाताऱ्यांशी थोडं खोटं बोलावंच लागतं."

गप्पूने मान हलवली. मग, का कोण जाणे, म्हणाला, "म्हणजे चाळिशीनंतर प्लसच लागतो."

बाईंना पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं आणि त्या खळखळून हसल्या. गप्पू हसला नाही. पण आपण 'बरं'पेक्षा लांब काहीतरी बोललो याचं त्याला लांबूनच नवल वाटलं.

बाईंनी दोन ड्राइव्ह पुढे ठेवल्या. एक कोरी करकरीत, चपळ. दुसरी जुनी, वेगळ्या डब्यात बसवलेली, हलवली की आत काहीतरी खडखडे. "ही नवी झरझर लिहील, पण कपाळाच्या भानगडीत पडत नाही. ही जुनी रडतखडत लिहील, पण कपाळ बदलून देईल."

"जुनी द्या."

"आणि प्लसच्या दोन थरांच्या दोनच उरल्यात माझ्याकडे. हल्ली कोण मागतंय? सावकाश लिहा, घाईने लिहिलेलं जुन्या प्लेअरला वाचता येत नाही. आणि सांध्याकडे लक्ष द्या."

"सांधा?"

"पहिला थर संपला की प्लेअरची किरणं त्याच्या आरपार दुसऱ्यावर नेम धरतात."

"बायफोकलसारखं."

"हां, तसंच. नजर वरच्या काचेतून खालच्या काचेत जाताना माणूस जरा अडखळतो ना, तसा प्लेअरही अडखळतो. चित्र थांबतं, मग पुढे जातं. जुना असेल तर चांगलं दोन-तीन श्वास थांबतं. तो सांधा कुठे टाकायचा ते प्रोग्रॅम तुम्हालाच विचारेल. पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही, म्हणजे मध्यावर किंवा जरा पुढे टाकायचा. कळणार नाही अशा जागी टाका, म्हणजे झालं."

"बरं," गप्पू म्हणाला. मग त्याने हात पुढे करून बाईंच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, डावी दांडी दोन बोटांत धरून किंचित वाकवली आणि परत दिला. बाईंनी घालून पाहिला. आता तो सरळ बसला होता.

पहिली डिस्क त्याने शनिवारी लिहिली. सांधा शोधण्यात डोकं गुंतलं आणि कपाळ लिहायचं राहून गेलं. प्लेअरने ती दोनदा फिरवली आणि बाहेर टाकली. आता एकच उरली, आणि ताई दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती.

रविवारी सकाळी तो पुन्हा बसला. कपाळाचं काम सगळ्यात आधी केलं. मग प्रोग्रॅमने सांध्यासाठी दोन जागा दाखवल्या. पहिली होती ती बरोबर जुन्या जोडावर, आई दारात वळून 'येते हं' म्हणते त्याच्या लगेच पुढे. म्हणजे इतके दिवस जिथे आप्पा उठत होते तिथेच चित्र पुन्हा अडखळणार. दुसरी जागा थोडी पुढे होती. तिथे आई बटण लावता लावता आतल्या खोलीकडे बघून हाक मारते, "गप्पू, अरे ऐकतोस ना? खिडकी लाव आतली." आतून काहीच उत्तर येत नाही. आई आप्पांना म्हणते, "ह्याला ओ द्यायला पैसे पडतात की काय." सांधा पडणार होता त्या हाकेच्या ऐन मध्ये. आधी 'गप्', मग थांबलेलं चित्र, मग उरलेलं नाव.

शहाण्या माणसाने दुसरीच जागा निवडली असती. आई दारातून आत गेली असती, दूध बघून परत आली असती, आप्पांना काही कळलंही नसतं. गप्पू काही मूर्ख नव्हता. बोट माउसवर ठेवून तो बराच वेळ बसला. मग त्याने ती हाक परत ऐकली, पुन्हा एकदा ऐकली. जन्मात कोणाकडे काही न मागितलेल्या त्या माणसाला एवढी एक हाक अखंड हवी होती. त्याने पहिल्या जागेवर बोट दाबलं. दाबल्यावर लगेच त्याला कळलं की आपण आप्पांना पणाला लावलं. पण ड्राइव्ह खडखडत लिहायला लागली होती, आणि दुसरी डिस्क नव्हती.

ताई आली ती रिकामी बॅग घेऊनच. आल्या आल्या तिने आप्पांचं कपाट उघडलं आणि शर्ट पलंगावर काढून ठेवायला लागली. एकेक शर्ट काढताना ती त्याच्या बटणांवरून अंगठा फिरवत होती. ताईचा काही दोष नव्हता. तिला रात्रंदिवस तो चौक दिसत होता.

"ताई," गप्पू म्हणाला, "आधी हे बघ."

"काय आहे?"

"दोन्ही एकात केलंय."

"त्याने काय होणार आहे?"

"बघ."

आप्पा येऊन बसले. लाल ठिपका दाबला. प्लेअरने डिस्क फिरवली, कपाळ वाचलं, आणि निमूटपणे आत घेतली. आई दिसली. चेहरा स्वच्छ होता, अगदी नाकपुडीजवळचा तीळसुद्धा. आप्पा म्हणाले, "बसलीये बघ बटणं लावत." ताई पलंगाच्या कडेला बसली, हातात शर्ट तसाच.

दुपार पडद्यावरची आणि खोलीतली, दोन्ही पुढे सरकल्या. सुईच्या नेढ्यावरून भांडण झालं. शेजाऱ्यांवरून झालं. गप्पू आतल्या खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता. तळहाताला घाम आला होता आणि तो कोणा दुसऱ्याच्या तळहाताला आल्यासारखा वाटत होता. आईने सुई खोचली, उठली, दारात गेली, चौकटीला हात लावून वळली.

"येते हं."

प्लेअर आतल्या आत कुरकुरला आणि चित्र थांबलं.

आप्पांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. उठायचे तेव्हा ते असेच जात. ताईने गप्पूकडे पाहिलं. गप्पूला तिच्याकडे बघवेना, तो पडद्याकडे बघत राहिला. तेव्हा त्याला दिसलं की पडदा निळा नाही. आई गेलेली नाही. ती दारात उभी आहे, चौकटीला हात लावून, मान वळवून, नेहमीसारखी थांबून.

"ये," आप्पा म्हणाले. "ये बाई, सावकाश ये."

चित्र हललं. रिकामं दार दिसलं, आत भांड्याचा आवाज झाला आणि आई फडक्याला हात पुसत बाहेर आली. "उतू गेलं असतं आत्ता दूध. तुम्हाला वास नाही आला?"

"आला होता," आप्पा टीव्हीला म्हणाले, आणि मागे टेकून बसले.

एवढंच त्यांचं अडलं होतं. रोज ती 'येते' म्हणायची आणि त्यांनी 'ये' म्हणायच्या आत पडदा तिला गिळून टाकायचा. उत्तर घेतल्याशिवाय ती कधी जात नसे, म्हणून ते उत्तर द्यायला चौकापर्यंत जात होते. दवाखान्यात नेलं त्या दिवशी आई शुद्धीवर नव्हती. तिचं 'येते' राहून गेलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांचं 'ये'ही.

ताईने डोळे पुसले. हातातला शर्ट तिने घडी घालून कपाटात ठेवला, मग दुसरा ठेवला. "वृद्धाश्रमात फोन करून सांगते मी," ती म्हणाली. "तूर्त राहू दे म्हणून. पण परत बाहेर गेले तर मात्र—"

"बरं," गप्पू म्हणाला.

पडद्यावर आई पुन्हा बटणं लावत बसली होती. मग तिने मान वर केली आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. आता गप्पू बरोबर त्याच खोलीच्या दाराशी उभा होता, त्यामुळे ती त्याच्याकडेच बघत होती.

"गप्पू, अरे ऐकतोस ना? खिडकी लाव आतली."

नाव अखंड आलं. आतून काही उत्तर आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. "अरे, हाक मारतेय ती तुला. ओ दे की."

गप्पूने तोंड उघडलं. दाताच्या डॉक्टरच्या सुईचा असर उतरताना ओठ आधी दुखायला लागतो, तसं काहीतरी घशापाशी दुखलं.

"ओ," तो म्हणाला. "ओ, आई." आणि आतल्या खोलीत जाऊन, बंदच असलेल्या खिडकीपाशी उभा राहून, तो रडायला लागला.